तापात हायड्रोकॉर्टिसोन बंद करू नका
वर ताईंनी विचारलंय की आईला अ‍ॅडिसन्स (मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी निकामी होण्याचा आजार) आहे, ताप आलाय, जेवण जात नाहीये तर हायड्रोकॉर्टिसोनची गोळी दोन दिवस थांबवली तर चालेल का. अजिबात नको! तापात शरीराला कॉर्टिसॉल हे हार्मोन जास्त लागतं आणि त्यांच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी ते बनवूच शकत नाहीत, ते ह्या गोळीतूनच मिळतं, म्हणून ताप असेपर्यंत रोजचा डोस साधारण दुप्पट करतात, नेमका किती ते आजच डॉक्टरांना फोन करून विचारा आणि पुढच्या वेळेसाठी कागदावर लिहून घ्या. उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल तर मात्र वाट बघत बसू नका, सरळ कॅज्युअल्टी गाठा, तिथे १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन आणि सलाईन लागतं, आणि पोचल्या पोचल्या आजाराचं नाव सांगा, नाहीतर नुसतं पोट बिघडलंय म्हणून बसवून ठेवतील.

माझ्या मावशीलाही हाच आजार, पण निदान फार उशिरा झालं, सगळे अशक्तपणा समजून टॉनिक देत राहिले. हिरड्या आणि तळहातावरच्या रेषा काळपट पडलेल्या, उठलं की चक्कर, आणि येता जाता मीठ चाटायची. सोडियम कमी आलं तेव्हा कुठे सकाळी ८ची कॉर्टिसॉल टेस्ट झाली.

आपल्याकडे टीबीमुळेही ह्या ग्रंथी निकामी होतात, त्यामुळे आईला पूर्वी टीबी झाला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि दम्यासाठी वगैरे महिनोन्महिने प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी घेणाऱ्यांनीही ती एकदम सोडू नये, डॉक्टर सांगतील तशी हळूहळू कमी करायची.