मदत हवी आहे: हॅलोविनमधली लॉरी मेली की जिवंत? (अर्जंट)

रिकामी_रेवा
कोणीतरी पटकन सांगा प्लीज, डोकं आउट झालंय. मायकल मायर्स नावाच्या मुखवटेवाल्या खुन्याचा हॅलोविन हा सिनेमा बघितला, बरा वाटला म्हणून पुढचा लावला तर त्यात सुरुवातीलाच लॉरी, म्हणजे तो जिच्या मागे लागतो ती, छतावरून खाली पडून मेली. मग अजून एक लावला तर ही बाई धडधाकट, केस पांढरे, घरात बंदुकांचा ढीग, आणि तिची नात मैत्रिणीला सांगते की तो तिचा भाऊबिऊ कोणी नाही, लोकांनी काहीतरी उठवलंय. अहो मी पहिला जो बघितला त्यात ती बहीणच आहे, लहानपणीचा फोटो दाखवतो तो तिला! शुक्रवारच्या आत हवंय. फक्त क्रम सांगा, मुखवट्याची गोष्ट नको, ती सगळीकडे आहे.

मुखवटे_काका
मुखवट्याची गोष्ट माहीत असली तरी नीट माहीत नसते बऱ्याच जणांना म्हणून सांगतो. पैसे नव्हते, अख्खा सिनेमा सव्वातीन लाख डॉलरच्या आसपास झाला. कलादिग्दर्शक टॉमी ली वॉलेसने दुकानातून दोन डॉलरच्याही आत मिळालेला स्टार ट्रेकमधल्या कॅप्टन कर्कचा, म्हणजे विल्यम शॅटनरच्या चेहऱ्याचा रबरी मुखवटा आणला, कल्ले काढले, डोळ्यांची भोकं मोठी केली, केस विस्कटले आणि पांढरा रंग मारला. बास. पुढच्या भागांत तो मुखवटा काही परत जमला नाही. चौथ्यात तर शाळेच्या सीनमधे क्षणभर केस चक्क सोनेरी दिसतात.

रिकामी_रेवा
काका नको म्हणाले ना 🙏

ठसका
कुठला हॅलोविन बघितलात?

रिकामी_रेवा
हॅलोविन म्हणजे हॅलोविन. पुढेमागे नंबर नाही. पोस्टरवर तोच होता.

ठसका
नुसतं हॅलोविन नावाचे तीन आहेत. १९७८, २००७ आणि २०१८. २००७ आणि २०१८ दोन्हीच्या पोस्टरवर तोच आहे. साल सांगा.

रिकामी_रेवा
भावाच्या हार्ड डिस्कवर होता, फाईलला साल नाही. एवढं काय अवघड आहे, एक माणूस चाकू घेऊन फिरतो, क्रम विचारलाय फक्त.

डोंबिवली_फास्ट_नाही
जेसन बघा त्यापेक्षा. फ्रायडे द थर्टीन्थ. सरळ काम, तळं, कॅम्प, पोरं, खल्लास. असला बहीण-भाऊ मेलोड्रामा नाही.

ठसका
पहिल्या फ्रायडेत जेसन खुनीच नाही, त्याची आई आहे. दुसऱ्यात डोक्यावर पोतं. हॉकीचा मुखवटा थेट तिसऱ्यात, १९८२ ला. आणि पाचव्यात तर तो जेसनच नाही, वेगळाच माणूस. सरळ काम म्हणे.

डोंबिवली_फास्ट_नाही
पण बहीण नाही ना कुठे.

सावली_आजी
रेवा, मी एक विचारते त्याचं उत्तर दे म्हणजे लगेच कळेल. तू बघितलास त्यात सुरुवातीला तो लहान मुलगा किती वेळ होता? १९७८ च्या सिनेमात पहिली चारेक मिनिटं आपण त्याच्याच डोळ्यांतून बघतो. घराबाहेरून खिडकीत, मग स्वयंपाकघर, खणातून सुरी उचलणारा हात, जिना, मुखवटा चढवला की पडद्यावर दोन भोकांतूनच दिसायला लागतं. मग बहिणीचा खून आणि घराबाहेर आईवडील मुखवटा ओढून काढतात तेव्हा कळतं, अरे हे विदूषकाच्या कपड्यांतलं सहा वर्षांचं पोर आहे. सुरी उचलणारा तो हात डेब्रा हिलचा, म्हणजे निर्माती आणि सहलेखिका. असं होतं का?

रिकामी_रेवा
नाही नाही, पोरगा बराच वेळ होता, लांब केस, घरी सगळे एकमेकांवर ओरडतायत, शाळेत भांडण, मग हॉस्पिटलात कागदाचे मुखवटे बनवत बसतो. आणि मोठा झाल्यावर दरवाजात मावत नाही एवढा.

सावली_आजी
मग तो दिग्दर्शक रॉब झॉम्बीचा २००७ चा. छतावरून पडते तो रिसरेक्शन, २००२. ज्यात नात आहे तो डेव्हिड गॉर्डन ग्रीनचा, २०१८. तीन वेगळ्या घरांतले तीन सिनेमे बघितलेस तू, त्यांचा एकमेकांशी संबंधच नाही.

आता क्रम. एक रस्ता: १९७८, १९८१, मग १९८८, ८९, ९५. यात लॉरी अपघातात मेलीय असं सांगतात आणि तिची मुलगी जेमी येते. दुसरा रस्ता: १९७८, १९८१, मग उडी मारून १९९८ चा एच ट्वेंटी आणि २००२ चा रिसरेक्शन. यात तो अपघात खोटा होता, लॉरी नाव बदलून कॅलिफोर्नियात शाळेची मुख्याध्यापिका झालीय. तिसरा: २००७ आणि २००९, स्वतंत्र. चौथा: १९७८, २०१८, २०२१, २०२२, मधलं काहीच झालं नाही असं धरायचं. १९८२ चा तिसरा भाग या कशातच बसत नाही, त्यात मायकल नाहीच.

रिकामी_रेवा
आजी तुम्ही देव आहात. म्हणजे बहीण आहे का नाही?

सावली_आजी
१९८१ च्या दुसऱ्या भागापासून बहीण. १९७८ मधे नाही. २००७ मधे आहे. २०१८ मधे नाही.

पाववडा
१९७८ मधे पण आहे!! मी टीव्हीवर बघितलाय, मायकलच्या खोलीच्या दारावर सिस्टर कोरलेलं दाखवतात. खात्रीने सांगतो.

ठसका
ते टीव्हीसाठी वेळ भरायला नंतर शूट केलेले सीन आहेत, दुसऱ्या भागाच्या शूटिंगच्या वेळी. थिएटरात लागला त्यात नाहीत. आणि ती बहीण आणली तिथेच सगळी मजा गेली. पहिल्यात तो तिच्या मागे का लागतो? ती त्या बंद घराच्या दारात किल्ली ठेवायला आली म्हणून, एवढंच. ते कोणाच्याही बाबतीत होऊ शकलं असतं म्हणून तर भीती वाटते. बहीण म्हटलं की घरगुती मामला झाला, आपण सुटलो.

पाववडा
झॉम्बीने निदान कारण तरी दिलं. उगाच सहा वर्षांचं पोर उठून बहिणीला मारतं हे पटत नाही मला.

ठसका
पटू नये म्हणूनच आहे ते. श्रेयनामावलीत मुखवट्याआड मायकल झालेल्या निक कॅसलच्या नावापुढे मायकलसुद्धा लिहिलेलं नाही, द शेप लिहिलंय.

मुखवटे_काका
आणि मुखवटा निघाल्यावर दिसतो तो चेहरा निक कॅसलचा नाही, टोनी मोरानचा.

शिकागोकर
इथे इलिनॉयमधे सिनेमातलं हॅडनफील्ड नावाचं गाव शोधू नका, नाहीये. डेब्रा हिलचं गाव न्यू जर्सीतलं, त्याचं नाव दिलंय. शूटिंग कॅलिफोर्नियात, साउथ पासाडेना वगैरे, तेपण वसंतात. म्हणून पानगळीची पानं रंगवून रस्त्यावर टाकायची, सीन झाला की गोळा करायची, पुढच्या गल्लीत परत टाकायची. नीट बघा, मागे ताडाची झाडं दिसतात, आमच्याकडच्या थंडीत एक जगणार नाही. इथे ऑक्टोबरअखेर नुसत्या ड्रेसवर कोणी फिरत नाही हो, आम्ही पोरांच्या कॉस्च्युमवरून जाकीट चढवतो मग सगळे बॅटमन सारखेच दिसतात.

तबलजी_बुवा
संगीताबद्दल कोणीच बोललं नाही. १९७८ च्या सिनेमाचा दिग्दर्शक जॉन कार्पेंटरने स्वतः केलंय, पाच मात्रांची लय, ती त्याच्या वडिलांनी लहानपणी बोंगोवर शिकवलेली. दुप्पट करून दहा धरल्या तर पियानोवर ३-३-२-२ असे खंड पडतात. आपला झपताल २-३-२-३. मी ठेका लावून बघितला, समेवर गाठ पडते पण मधे सारखा पाय अडकतो आणि नेमकं तेच अस्वस्थ करतं.

डोंबिवली_फास्ट_नाही
बुवा 😂

पुणेरी_पाटी
आजी, लॉरी रिसरेक्शनमधे मरते हे सगळ्यांसमोर लिहायची गरज होती का? मी एच ट्वेंटीच बघत होतो काल.

ठसका
शीर्षकातच आहे हो. आणि एच ट्वेंटी बघून थांबा, पुढे जाऊच नका. शेवटी लॉरी त्याचं मुंडकं उडवते, काय तो क्षण, आणि २००२ वाले येऊन सांगतात की मुखवट्याआत भलताच माणूस होता, अॅम्ब्युलन्सवाला, गळा दाबलेला म्हणून बोलता येईना. एवढा राग मला कुठल्या सिनेमाचा आला नाही.

पुणेरी_पाटी
आता तेही सांगितलंत. धन्यवाद.

आडवा_तिडवा
कोणीच तिसरा भाग बघा म्हणत नाहीये हे बघून वाईट वाटलं. दरवर्षी हॅलोविनची वेगळी गोष्ट करायची असा कार्पेंटर-हिलचा विचार होता, मुखवटे विकणारी कंपनी आणि पोरांचा घात, फार वेगळा सिनेमा आहे. लोकांना मायकलच पाहिजे होता, मग चौथ्याचं नावच रिटर्न ऑफ मायकल मायर्स ठेवावं लागलं. रेवाताई तिसरा बघाच.

रिकामी_रेवा
अहो मला बघायचेच नाहीत! ऑफिसात ३१ तारखेला क्विझ आहे, भयपटांचा राउंड माझ्याकडे दिलाय, आणि लॉरी मायकलची कोण या प्रश्नावर परवा ट्रायलमधे दोन टीम भांडल्या. म्हणून विचारत होते.

ठसका
हे पहिल्या ओळीत लिहिलं असतं तर.

सावली_आजी
मग प्रश्नात साल घाल गं. १९८१ च्या सिनेमानुसार लॉरी मायकलची कोण, असं. साल नसेल तर दोन्ही टीम बरोबर आहेत.

डोंबिवली_फास्ट_नाही
पहिल्या फ्रायडेत खुनी कोण हा ठेवा, हमखास जेसन म्हणतात.

ठसका
तुम्हीसुद्धा म्हणाला होतात का?

डोंबिवली_फास्ट_नाही
मी फक्त तळं आणि कॅम्प म्हणालो. नाव घेतलं ते सिरीजचं.

रिकामी_रेवा
दोन्ही घेतले. आणि द शेपवालापण घेते. २०२२ च्या शेवटी तो नक्की मरतो ना, एक प्रश्न त्यावर काढलाय.

पुणेरी_पाटी
कोणी उत्तर देऊ नका, मी तिथपर्यंत पोचलो नाहीये.

आडवा_तिडवा
हो, भंगारवाल्याच्या मशीनमधे घालतात, तुकडेच होतात.