मदत हवी आहे: झॅबिक्सचे अलर्ट रात्री येत नाहीत, माल धोक्यात

मिऱ्या_किनारा:
रत्नागिरीत मासळीचं कोल्ड स्टोरेज आहे. तापमान झॅबिक्सवर (यंत्रांवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर) बघतो. उणे १८ हवं, उणे १२च्या वर चढलं की मला आणि सुपरवायझरला मेल जायला हवा. आज पहाटे उणे ९ झालं होतं. डॅशबोर्डवर लाल पट्टी आहे, मेल एकाही माणसाला नाही. टेस्ट बटण दाबलं की लगेच येतो. पावसाळी बंदीच्या आधीचा माल खचाखच भरलाय. कृपया लवकर सांगा.

चिपळूण_ॲडमिन:
टेस्ट बटण ॲक्शनला (काय घडलं की कोणाला कळवायचं तो नियम) हातच लावत नाही, थेट मीडिया टाइपवरून (मेल कसा पाठवायचा ती सेटिंग) पाठवतं. तो मेल आला म्हणजे फक्त मेल सर्व्हरची जोडणी ठीक. ॲक्शन चालू आहे का? सुपरवायझरच्या युजरला त्या होस्टची (ज्यावर नजर ठेवतो ते यंत्र) रीड परवानगी आहे का? नसेल तर झॅबिक्स त्याला काही पाठवत नाही.

मिऱ्या_किनारा:
दिवसा याच दोघांना मेल येतात. परवानगीचा प्रश्न नाही.

तंत्रवेडा:
एसएमएस असेल तर डीएलटी (कंपन्यांच्या एसएमएसची नोंदणी) बघा. मजकूर मंजूर टेम्प्लेटशी तंतोतंत जुळला नाही तर मध्येच अडतो. होस्टचं लांबलचक नाव आलं की हमखास हेच.

मिऱ्या_किनारा:
एसएमएस वापरतच नाही. वर मेल लिहिलंय.

दापोलीकर:
जीमेल असेल तर ॲप पासवर्ड (सॉफ्टवेअरसाठीचा वेगळा पासवर्ड) घ्या. २०२२च्या मे अखेरीपासून साधा पासवर्ड चालत नाही.

चिपळूण_ॲडमिन:
@दापोलीकर, दिवसा मेल जातात म्हणतायत. पासवर्ड रात्रीपुरता कसा बिघडेल?

दापोलीकर:
मी अनुभवाचं सांगितलं. आमच्याकडे तसंच निघालं होतं.

मालवणी_वायरमन:
रात्री लाईट गेल्ली काय?

मिऱ्या_किनारा:
हो, म्हणूनच तर तापमान चढलं. जनरेटर हाताने सुरू करावा लागतो, वॉचमनला जाग आली नाही. पण झॅबिक्सचा पीसी आणि सेन्सर यूपीएसवर आहेत, ते चालूच होते.

मालवणी_वायरमन:
आणि राउटर खंय आसा?

मिऱ्या_किनारा:
ऑफिसात, साध्या प्लगवर. पण लाईट पाचला आली, राउटरही सुरू झाला. तेव्हा तरी अडकलेला मेल सुटायला हवा होता ना?

चिपळूण_ॲडमिन:
सुटत नाही. मूळ सेटिंगमध्ये झॅबिक्स तीनदा प्रयत्न करतो, दहा-दहा सेकंदांनी. म्हणजे अर्ध्या मिनिटात तो मेल कायमचा फेल्ड. ॲक्शन लॉग उघडा, दिसेल. मीडिया टाइपमध्ये प्रयत्न १००पर्यंत आणि मधलं अंतर तासापर्यंत वाढवता येतं. पण त्याने मेल उशिरा येईल, मासळी वाचणार नाही. राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही बॅटरीवर घ्या.

तंत्रवेडा:
पुरेसं नाही. गल्लीतल्या केबलवाल्याच्या डब्याला बॅकअप नसतो. जीएसएम मोडेम लावा, सिम टाका, थेट एसएमएस जाईल, इंटरनेटची गरजच नाही.

श्रीवर्धन_बागायतदार:
३ जून २०२०ला निसर्ग वादळ इथेच धडकलं. लाईट गेली, पाठोपाठ मोबाइलही बंद, कित्येक दिवस. सिमवर भरवसा ठेवू नका. बॅटरीवरचा भोंगा वॉचमनच्या खोलीत लावा. जनरेटर त्यालाच सुरू करायचाय, मालकाला मेल गेला तरी तो घरूनच फोन करणार.

तंत्रवेडा:
वादळ रोज येत नाही. लाईट रोज जाते.

चिपळूण_ॲडमिन:
भोंगा लावाच. शिवाय उलटी पद्धतही घ्या: झॅबिक्सने दर पाच मिनिटांनी बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला हाक द्यायची, पंधरा मिनिटं हाक आली नाही की त्या सर्व्हरने तुम्हाला कळवायचं. जागेवरचं सगळं बंद पडलं तरी बाहेरचा बोलतो. हे नसेल तर मेल न येणं म्हणजे सगळं ठीक, असंच वाटत राहतं.

पल्पवाला:
आंब्याचा पल्पही उणे १८लाच ठेवतात ना? यंदा कोणाकडे जागा आहे का?

मिऱ्या_किनारा:
लॉग बघितला. तीन ओळी, तिन्ही फेल्ड, तिन्ही लाईट नसतानाच्या. राउटर आजच यूपीएसवर घेतो, भोंग्यासाठी माणूस बोलावलाय. बाहेरच्या सर्व्हरवरून मोबाइलवर सरळ कॉल येईल अशी सोय कोणी वापरतं का? झोपेत मेलने जाग येत नाही.

मालवणी_वायरमन:
यूपीएस किती व्हीएचो? पीसी आणि राउटर दोनय रात्रभर खेचतीत काय ता आधी बघ. राउटर आणि फायबरच्या डब्याक बारा व्होल्टचो छोटो यूपीएस येगळो मिळता.