राग हा रकाना कुठे आहे?

‘स्ट्रीमिंगवर महिन्याला शे-दीडशे रुपयांत सगळी गाणी मिळतात, मग गाण्यांच्या फायली साठवायला हार्डडिस्कचा संसार कशाला?’ हा प्रश्न नव्या सिनेगीतांपुरता मला पटतो. तरी २०२४ मध्ये रेसो हे स्ट्रीमिंग अ‍ॅप भारतातून गेलं, विंक हे दुसरं अ‍ॅपही त्याच वर्षी बंद झालं, हे विसरू नका.

शास्त्रीय ऐकणाऱ्यांचं दुखणं वेगळंच. स्ट्रीमिंगवर राग, ताल, साथीदार सगळं शीर्षकात कोंबलेलं असतं, तेही दर वेळी निराळ्या स्पेलिंगने. एकाच गायकाचे सगळे यमन काढून दाखवा बघू! स्वतःच्या फ्लॅक फायलींना (आवाजाचा दर्जा न घटवता जागा वाचवणारा प्रकार) मात्र हव्या त्या नावाचा टॅग, म्हणजे फायलीतच राहणारी माहितीची नोंद, देता येतो. एमपीथ्रीटॅग या टॅग भरायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘राग’ आणि ‘तबला’ असे रकाने करा, फूबार२००० हे गाणी वाजवायचं सॉफ्टवेअर त्यावरून यादी लावून देतं. काम किचकट आहे खरं, पण एकदाच करायचं.

जागेची चिंता नको. सीडीवरून घेतलेलं तासभराचं फ्लॅक साधारण ३०० एमबी, म्हणजे १ टीबीत तीनेक हजार तास. (कॅसेटवरून घेतलेलं फ्लॅकमध्ये ठेवल्याने खरखर जात नाही, हे काहींना अजून पटत नाही.) दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, जमल्यास वेगळ्या घरी ठेवा. नवं काही चाचपायला मी स्ट्रीमिंगच वापरतो.