हायड्रेंजिया आणि आपलं नाशिक: अनुभव सांगा

नाशिक म्हणजे जुनं गुलशनाबाद, बागांचं शहर. तरीही हायड्रेंजियाचं, म्हणजे मोठ्या गुच्छांनी फुलणाऱ्या त्या झुडपाचं, नाव काढलं की "ते महाबळेश्वरला, इथे नाही जगायचं" असं ऐकावं लागतं. माझ्या पूर्वेच्या गॅलरीत ते छान फुलतं. तुमच्याकडे कसं आहे? जागा, माती, छाटणी, सगळं सविस्तर लिहा, मी वाट बघतेय.

गंगापूर रोड:
ताई, आमचंही पूर्वेलाच. सकाळचं कोवळं ऊन, मग सावली. मे महिन्यात दुपारी पानं मान टाकतात. कुंडीत बोट खुपसून बघते. माती ओली असेल तर पाणी देत नाही. संध्याकाळी आपोआप सावरतात.

निफाड:
आम्ही द्राक्षवाले. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली की हात शिवशिवतात, पण तेव्हा याला कात्री लावायची नाही. पुढच्या फुलांचे डोळे (कोंब) जुन्या काडीच्या शेंड्यातच धरलेले असतात. फुलं सुकली की लगेच, टपोऱ्या डोळ्यांच्या जोडीवर काप घ्यायचा. आमच्याकडे पारा 10 च्या खाली जातो, तो गारवा या डोळ्यांना मानवतो. पानांवर भुरी (पांढरी बुरशी) दिसली तर द्राक्षावर मारतो तेच गंधक, मात्र कडक उन्हात नको, पानं करपतात.

सिडको:
मला निळंच हवं होतं. आपली काळी माती चुनखडीची, बोअरचं पाणी जड, त्यामुळे गुलाबीच येतं. निळा रंग ॲल्युमिनियमचा, आणि मातीचा सामू (pH) 5.5 च्या आसपास असेल तरच मुळांना ते नीट उचलता येतं. म्हणून कुंडीत कोकोपीट, पालापाचोळ्याचं खत, थोडी लाल माती. थंडीपासून पंधरवड्याला 5 लिटर पाण्यात चमचाभर तुरटीची पूड. बोनमील (हाडांचं खत) बंद केलं, कारण त्यानं स्फुरद (फॉस्फरस) वाढलं की ॲल्युमिनियम अडकून पडतं. यंदाचा गुच्छ कडेला निळा आणि मध्ये जांभळट आलाय, बघत बसावंसं वाटतं! पांढऱ्या जातीवर मात्र याचा उपयोग नाही.

देवळाली कॅम्प:
फुलदाणीतला गुच्छ मलूल झाला तर अख्खा पाण्यात बुडवून ठेवा, पुन्हा टवटवीत होतो. त्या रंगीत पाकळ्या म्हणजे खरं तर निदलं (कळीला बाहेरून झाकणारी पानं), ती थेट पाणी शोषतात. मांजर-कुत्रं असेल तर झाड उंचावर ठेवा, पानं विषारी असतात.

पंचवटी:
गंगापूर रोडच्या ताई, जुलैत एखादी फूल न आलेली काडी द्याल? दोन-तीन पेरांची पुरे, पावसाळी हवेत सावलीत रुजते. माझ्याकडे सोनटक्का भरपूर आहे, कंद घेऊन येते.