‘फुकट म्हणून कदर नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी लोहाच्या गोळीची वेळ सांगावी

पर्वतीपायथा:
परवा इथे एका सभासदानं लिहिलं की शासन रेशन फुकट देतं, अंगणवाडीतून आहाराची पाकिटं देतं, गरोदर बाईला गोळ्या देतं, तिशीपुढच्यांची बीपी-शुगर मोफत तपासतं, तरी वस्त्यांमधलं आजारपण हटत नाही, कारण फुकटच्या गोष्टीची कदर नसते. पुरावा काय, तर लोहाच्या गोळ्यांची न फोडलेली पाकिटं कचऱ्यात सापडतात. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

पाकिटं सापडतात हे खरं आहे. का सापडतात ते बघा. चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी, १८० दिवस. बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह. जोडीला कॅल्शियमच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, मध्ये दोन तास हवेत. लोहाच्या आगेमागे चहा नको. रिकाम्या पोटी घेतली तर मळमळतं, जेवणावर लगेच घेतली तर अंगी कमी लागते.

आता पुण्यातल्या जनता वसाहतीत राहून सहकारनगरला चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईचा दिवस मांडा. पहाटे पाणी भरायचं, चहा घ्यायचा, साडेसातला पहिलं घर. दहाला दुसऱ्या घरी चहा. दोनला जेवण. चारला पुन्हा चहा. रात्री साडेनऊला जेवण, की लगेच आडवं. यात तीन गोळ्या कुठे बसवायच्या? आठवड्याभरात शौचाला काळं व्हायला लागतं, मग पोट साफ होत नाही. जिथे सकाळी सार्वजनिक संडासापुढे रांग असते आणि मागून दार वाजवतात, तिथे बद्धकोष्ठ ही बारीक तक्रार नाही. ‘काळा रंग गोळीचा आहे, घाबरू नको’ हे एक वाक्य पाकीट हातात देताना राहिलं, की ते पाकीट कचऱ्यात जातं. याला कदर नसणं म्हणत नाहीत.

तपासणीचं बघा. सीबॅकच्या फॉर्मात, म्हणजे आजारांचा धोका मोजायच्या प्रश्नावलीत, विचारतात, आठवड्याला १५० मिनिटं अंगमेहनत होते का. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या वर गेली की एक गुण, ९० च्या वर दोन. चाराच्या वर गुण झाले की तपासणीला आधी पाठवायचं. फॉर्म चांगला आहे, त्यात काही चूक नाही. पण बीपी निघाल्यावर दर महिन्याला गोळ्या आणायच्या त्या सकाळच्या ओपीडीतून, आणि सकाळी तर कामाची घरं. खाडा झाला की पगार कापतात. योजना वाईट नाहीत. ज्याची सकाळ मोकळी असते, त्याला डोळ्यांसमोर ठेवून आखल्यात.

रास्तापेठी:
मी त्या लेखाच्या बाजूचा आहे आणि वेळ सापडत नाही हे मला अजिबात पटत नाही. घ्या वेळापत्रक. एक कॅल्शियम सकाळच्या चपातीबरोबर, दुसरं दोनच्या जेवणात. लोह संध्याकाळी सातला, घरी पोचल्यावर, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर. चारच्या चहाला तीन तास झालेले असतात, जेवणाला अडीच तास असतात. बसलं की नाही?

ओपीडीचं म्हणाल तर ‘आपला दवाखाना’ २०२३ पासून आहे आणि त्याची वेळ दुपारी २ ते रात्री १० अशीच ठेवली आहे, कामावरून येणाऱ्या माणसासाठी. शासनानं वस्तू दारात आणून द्यायची, वेळ बदलून द्यायची, तरी दोष शासनाचाच. माणसाची स्वतःची काही जबाबदारी असते की नाही?

येरवडानाका:
अहो, सातला पोट रिकामं असतं. दोनला जेवलेली बाई सातला नुसत्या लिंबूपाण्यावर लोह घेईल तर ओकेल. मूठभर फुटाणे खाऊन अर्ध्या तासानं घेतली तर निभतं. हे कोण सांगतं तिला? तुमचं वेळापत्रक कागदावर बरोबर आहे, पण ते तिच्यापर्यंत पोचवायला दहा मिनिटं लागतात, आणि गरोदर मातांच्या तपासणीच्या दिवशी एकेकीला दोन मिनिटंसुद्धा मिळत नाहीत.

संध्याकाळच्या दवाखान्याची वेळ चांगली, हे कबूल. तो प्रत्येक वस्तीच्या चालत जाण्याच्या अंतरावर नाही, एवढंच.

सुगरण धायरी:
गोळीवरच अडकलात सगळे. मला संताप येतो तो बिटाचा. सप्टेंबरात पोषण महिना आला की प्रत्येक फलकावर, प्रत्येक प्रदर्शनाच्या थाळीत बीट आणि डाळिंब. लाल दिसतं म्हणून रक्त वाढवतं, हा समज सुशिक्षितांनीच पसरवलाय. १०० ग्रॅम बिटात लोह जेमतेम १ मिलिग्रॅम, डाळिंबात त्याहून कमी. आणि डाळिंबाचा भाव विचारा मंडईत!

तेवढ्याच बाजरीत ६ मिलिग्रॅमच्या वर असतं. अंबाडी आहे, हरभऱ्याचा पाला आहे, शेवग्याचा पाला तर फुकट मिळतो. आणि कढई लोखंडी घ्या. पूर्वी घरोघरी असायची, हिंडालियमनं ती घालवली, तवा तेवढा टिकलाय. लोखंडी कढईत आमसूल किंवा चिंच घातलेली आमटी वीस मिनिटं उकळली की लोह उतरतं. शिजली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढायची, नाहीतर काळी पडते आणि कडू लागते. शासनानं एका घराला एक कढई दिली असती, तर इतक्या वर्षांच्या फलकांपेक्षा जास्त काम झालं असतं.

हिशेबनीस:
बीट, कढई ठीक आहे. मूळ प्रश्नाकडे या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमधला रक्तक्षय चौथ्या फेरीत (२०१५-१६) ४८ टक्के होता, पाचव्या फेरीत (२०१९-२१) ५४.२. पोषण अभियान २०१८ चं, ‘ॲनिमियामुक्त भारत’ही २०१८ चं. एवढं सगळं करून आकडा वर गेला.

आणि अंगणवाडीतल्या मुलामागे रोजचा दर किती? २०१७ मध्ये ठरलेला ८ रुपये. त्यात ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं बसवायची. आज ८ रुपयांत एक अंडं मुश्किलीनं येतं.

रास्तापेठी:
हा आकडा माझ्याच बाजूचा झाला. पैसे ओतून काही होत नाही, सवयी बदलाव्या लागतात, हेच त्या लेखात म्हटलं होतं.

ओ पॉझिटिव्ह:
दोघंही थांबा. पाहणीत रक्त बोटातून घेतात. बोट पिळून थेंब काढला की त्यात पेशींबाहेरचं पाणी मिसळतं आणि हिमोग्लोबिन आहे त्यापेक्षा कमी दिसतं. पहिला थेंब पुसायचा, दुसरा दाबल्याशिवाय यायला हवा, हात गार असतील तर आधी कोमट पाण्याखाली धरायला लावायचे. घाई झाली की हे पाळलं जात नाही. म्हणूनच पुढच्या फेरीतून रक्तक्षय वगळला आणि शिरेतून रक्त घेणारी वेगळी पाहणी काढली. ४८ वरून ५४ झाले, म्हणून योजना फसली असं त्या एका आकड्यावरून म्हणता येत नाही. सवयी वाईट आहेत असंही म्हणता येत नाही.

उपचाराचं म्हणाल तर नियम सोपा आहे. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेलं की रक्तक्षय. ७ ते १०.९ असेल तर रोज दोन गोळ्या, महिन्यानं पुन्हा मोजायचं. निदान १ ग्रॅम तरी वाढायला हवं. वाढलं नाही तर गोळी पोटात जात नाहीये, नाहीतर कारण दुसरं आहे, तिला पुढे पाठवायचं. गोळी वाटली जाते, पण महिन्यानंतरची ही दुसरी मोजणी राहून जाते. योजना तिथे गळते.

हिशेबनीस:
बोटाचं मान्य. पण मग खुज्या मुलांचं काय? पाच वर्षांखालची वयाच्या मानानं बुटकी मुलं ३४.४ टक्क्यांवरून ३५.२ झाली. तिथे रक्त लागत नाही, उंचीची पट्टी लागते. पट्टीत पाणी मिसळत नाही.

ओ पॉझिटिव्ह:
त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पट्टी बरोबर आहे.

रास्तापेठी:
रोख मदतही आहेच की. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५००० रुपये, दुसरं बाळ मुलगी असेल तर ६०००. त्यात किती अंडी, किती दूध येतं याचा हिशेब कुणी मांडत नाही. पैसे मिळतात आणि मोबाइलच्या हप्त्यात जातात, हे बोलायला कुणी तयार नाही.

येरवडानाका:
हे मात्र तुम्ही ऐकीव लिहिताय आणि वाईट लिहिताय. ५००० एकदम मिळत नाहीत. ३००० गरोदरपणाची नोंद आणि एक तपासणी झाल्यावर, २००० बाळाच्या जन्माची नोंद आणि लसींची पहिली फेरी झाल्यावर, म्हणजे बाळ साडेतीन महिन्यांचं झाल्यावर. आता बाईचं आधार माहेरच्या नावाचं, बँकखातं सासरच्या नावाचं, दवाखान्याच्या कार्डावर तिसरंच काहीतरी. तिथेच अर्ज अडकतो. नाव जुळवलं तरी पैसे आधार शेवटचं ज्या खात्याला जोडलं त्याच खात्यात जातात, अर्जावर लिहिलेल्या खात्यात नाही. ते जुनं, बंद पडलेलं खातं असेल तर पैसे परत जातात आणि बाई महिनोन् महिने पासबुक भरून बघत बसते. हप्त्याचा मोबाइल काढायच्या आधी हे माहीत करून घ्या.

ज्या कुणाला अर्ज भरायचाय त्यांनी आधी बँकेत जाऊन आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते तपासावं, तिथे जोडणी बदलून घ्यावी, आणि मगच अर्ज करावा. उलट्या क्रमानं केलं की फसतं.

पर्वतीपायथा:
अंगणवाडीच्या पाकिटांचंही तसंच. २०२५ च्या जुलैपासून घरी न्यायच्या आहारासाठी चेहरा जुळवणं सक्तीचं झालं. आई कामावर, सासू पाकीट घ्यायला आली, तर चेहरा जुळत नाही. पाकीट मिळतं तेव्हाही ते एका मुलाच्या हिशेबाचं असतं आणि घरात तीन मुलं असतात. आई धाकट्याचं मोठ्यांना देणार नाही, असं होतं का कधी?

आणि रास्तापेठी, जबाबदारीबद्दल तुम्ही विचारलंत. नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेत आठवड्याला एक अंडं सुरू झालं. त्या अंड्याची कदर नव्हती म्हणून कुणी टाकून दिल्याचं ऐकलंत? न खाणाऱ्यांना केळं होतं. जानेवारी २०२५ मध्ये राज्यानं अंड्याचा निधी थांबवला आणि लोकसहभागातून द्या म्हणून सांगितलं. कोथरूडच्या शाळेला लोकसहभाग मिळेल. रामटेकडीच्या वस्तीतल्या शाळेनं कुणाकडे जायचं?

रास्तापेठी:
अंड्याचं मान्य. ते बंद करायला नको होतं. एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिनं, शिजवायला सोपं, भेसळ करता येत नाही, मुलाच्या हातात दिलं की मुलाच्याच पोटात जातं. तेवढ्यापुरतं तुमचं बरोबर. गोळीच्या बाबतीत मी मागे हटणार नाही, साताची वेळ मी दिली आहे.

सुगरण धायरी:
साताला फुटाणे, साडेसाताला गोळी. येरवडानाका म्हणतात ते धरा. आणि सहकारनगरच्या त्या दहाच्या चहाचं कुणीच का बोलत नाही? घरी कामाला येणारी बाई गरोदर आहे हे दिसतं सगळ्यांना. चहाच्या जागी ताक दिलं तर?

ओ पॉझिटिव्ह:
ताक द्या, पण लोहाच्या गोळीबरोबर नको, त्यातही कॅल्शियम आहेच. गोळी संध्याकाळी असेल तर दहाला ताक चालेल.

रास्तापेठी:
आमच्या सोसायटीच्या गटावर हे वेळापत्रक टाकतो, मराठीत, तीन ओळींत. काळ्या रंगाचं वाक्यही घालतो.

पर्वतीपायथा:
गटावर टाकाच, पण ती बाई त्या गटात नसते. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून गोळ्यांच्या पाकिटाला रबर लावून द्या.

भाकरतुकडा:
उशिरा वाचतेय. सकाळी चपाती नसते, ज्वारीची भाकरी असते. तिच्याबरोबर कॅल्शियम चालेल ना?

ओ पॉझिटिव्ह:
चालेल, ताई. जेवणाबरोबर घ्या एवढंच, मग भाकरी असो की भात.