डेलिली घेताना तांबेरा आधीच कसा ओळखायचा?

मंडळी, मदत हवीये. मागच्या वर्षी एका नर्सरीतून डेलिलीचं कुंडीतलं रोप आणलं, फूल बघूनच भुलले, पानं उलटून बघायचं काही सुचलंच नाही. थोड्याच दिवसांत पानांच्या खालच्या बाजूला नारिंगी पुटकुळ्या, बोट फिरवलं की पूड बोटाला. तांबेरा! आणि मी शहाणीने ते रोप थेट जुन्या डेलिलींच्या रांगेत लावलेलं, मग काय, वाऱ्याने सगळीकडे गेला. झाडं मेली नाहीत म्हणा, पण पानं पिवळी पडून वाळली, फुलांचे दांडेही कमी आले. शेवटी सगळी पानं बुडापासून कापली, नवीन फुटलीयेत ती सध्या तरी स्वच्छ दिसतायत.

आता परत घ्यायचीयेत (एक फूल एकच दिवस टिकतं, तरी हौस फिटत नाही). यावेळी ऑनलाइन मागवावी म्हणतेय, ती माती धुवून नुसत्या मुळांसकट येतात. मुळांचं मला कळतं, बुडखा दाबल्यावर कडक लागला पाहिजे, मऊ असेल नि कुबट वास येत असेल तर कूज, मुळं भरदार हवीत, लिबलिबीत नकोत. घोळ पानांचा आहे. पानं वीतभर ठेवून कापलेली असतात. रोपातलं पाणी उडू नये म्हणून कापतात हे मान्य, पण पुटकुळ्या जिथे दिसल्या असत्या तोच भाग गायब! विकणाऱ्याकडे न कापलेल्या पानांच्या मागच्या बाजूचा फोटो मागितला तर देतात का? कोणी मागितलाय?

दुसरं, हा रोग जिवंत पानांवरच टिकतो, म्हणजे हिवाळ्यात ज्यांची पानं पूर्ण वाळून जातात त्या जाती सदाहरितपेक्षा बऱ्या असं मला वाटतंय. पण थंडी बेताचीच असेल तर त्या नीट फुलतात का?

आणि हो, एका जुन्या झाडाच्या पानावर मधल्या शिरेलगत पिवळा पट्टा आलाय, टोकाकडून तपकिरी होत खाली येतोय. पांढरा टिश्यू घासून बघितला, काहीच लागलं नाही, म्हणजे तांबेरा नसावा. करपा असेल का? नर्सरीत असं रोप दिसलं तर घ्याल की सोडाल?

नवीन रोपं किती दिवस वेगळी ठेवता तेही सांगा, मी महिनाभर धरलंय, लांबच्या कोपऱ्यात, पाणी पानांवर न मारता बुडाशीच. प्लीज नुसतं 'बुरशीनाशक मार' सांगू नका, ते आणून ठेवलंय, मला तो रोग बागेत आणायचाच नाहीये.