'अपवेलिंग'ला उमाळा म्हटलं तर चुकतं का?

निळाई: नववीच्या पूरक वाचनासाठी अरबी समुद्रातल्या अन्नसाखळीवरचा लेख मराठीत आणतेय. जून ते सप्टेंबर केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्याला वाऱ्यामुळे वरचं पाणी बाहेर लोटलं जातं, खालचं गार पाणी वर येतं. त्यातल्या नायट्रेट-फॉस्फेटवर डायटम (सूक्ष्म शैवाल) वाढतात, त्यांच्यावर तारली मासे. या वर येण्याला मी 'उमाळा' लिहिलं. संपादकांनी खोडून 'ऊर्ध्वप्रवाह' केलं. म्हणाले, उमाळा मायेचा येतो, पाण्याचा नव्हे.

कातळसडा: पाण्याचाच आधी! आमच्या राजापुराकडे मे महिन्यात विहिरीचा गाळ काढताना आजी वरून विचारायची, "उमाळा गावला काय रे?" मायेचा त्यावरून आला असणार. उमलणे, उमाळा, सगळं एकाच कुळातलं.

प्रत्यय: कानाला सारखं लागलं म्हणून कूळ एक होत नाही. आणि अर्थही बसत नाही. उमाळ्याला खालून जोर असतो. इथे जोर वरून, वाऱ्याचा. वरचं पाणी सरकलं म्हणून खालचं त्या जागी येतं, तेही दिवसाला जेमतेम काही मीटर. 'उपसा' घ्या. उपसा सिंचन प्रत्येक शेतकऱ्याला कळतं.

कातळसडा: उपसा म्हणजे काढून नेणं. उपशाने विहीर आटते, समुद्रात उलट भर पडते.

निळाई: शिवाय मला घुसळणही वेगळी दाखवायची आहे. हिवाळ्यात उत्तर अरबी समुद्रात वरचं पाणी गार होतं, जड होतं, खाली बसतं. त्या उलथापालथीतही पोषकद्रव्यं वर येतात. तिथे वारा किनाऱ्यापासून पाणी लोटत नाही. दोन्हींना एक शब्द चालणार नाही.

प्रत्यय: मग 'ऊर्ध्वप्रवाह' ठेवा. परिभाषा नेमकी हवी, गोड नको.

बंदरवाट: नववीतल्या पोराला तो शब्द परीक्षेपुरता राहील. आणि ताई, तुमच्या लेखात 'ऊर्जा व पोषकद्रव्ये साखळीतून फिरतात' असं वाक्य असेल तर ते आधी बदला. ऊर्जा फिरत नाही. प्रत्येक पायरीवर साधारण दहावा हिस्सा पुढे जातो, बाकीची बरीचशी उष्णता होऊन निघून जाते, परत येत नाही. फिरतात ती पोषकद्रव्यं: विष्ठा आणि मेलेले प्लवक खाली जातात, जिवाणू ते कुजवतात, त्यातून सुटलेलं नायट्रेट पाण्याबरोबर पुन्हा वर. दोघांना एक क्रियापद लावलं की धडाच चुकला.

निळाई: वाक्य अगदी तसंच आहे. 'ऊर्जा पुढे सरकते, पोषकद्रव्ये फिरतात' करते.

बंदरवाट: 'साखळी'सुद्धा अपुरी. बोंबील जवळा खातो, तसा तो इतर मासेही खातात. जाळं म्हणा.

प्रत्यय: 'अन्नजाळे' रूढ आहे, हरकत नाही.

कातळसडा: तारली लिहिताय की पेडवे? आमच्याकडे लहान तो पेडवा.

बंदरवाट: छे, जात वेगळी. पेडव्याला तारलीइतकं तेल सुटत नाही, तव्यावर लगेच कळतं.

कातळसडा: बाजारात दोन्ही एकाच टोपलीत असतात हो. वेंगुर्ल्याचं कोणी आहे का इथे?